पंख्याआडची खोली

९ जानेवारी

पाळकसाहेबांना सलाम.

अक्षर ओळखलं असेलच. कोंबडी कागदावरून चालून गेली की माझं पत्र तयार होतं, असं तुम्ही एकदा भर सभेत म्हणाला होतात आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते. तेव्हा पाकीट बाजूला ठेवू नका. रडायला लिहिलेलं नाही. ते काम मी घरी करते.

पत्ता तुमच्या आतेबहिणीने दिला. आधी म्हणाली, "त्याला कोणाशी बोलायचं नाहीये, काकू." मी म्हटलं, मलाही बोलायचं नाही, लिहायचंय. मग दिला.

तुम्ही गाव सोडल्यानंतर इथे फारसं काही हललेलं नाही. चर्चच्या मागच्या त्या दोन खोल्या तशाच आहेत. मधल्या फळ्यांच्या भिंतीला रंग दिला, तोही पुरला नाही म्हणून खालचा हात दीड हात भाग उघडाच राहिला. आतल्या खोलीत, जिथे हे लोकांची दुःखं ऐकून घ्यायचे, त्याच दोन वेताच्या खुर्च्या, गल्लीत उघडणारं तेच मागचं दार. बाहेरच्या खोलीत, आत ऐकणाऱ्यासाठी प्रार्थना करत बसायची ती आधाराची खुर्ची आणि तो वाकड्या जाळीचा पंखा. मंगळवारी आणि शुक्रवारी मी अजून तिथे बसते. हॉस्पिटलच्या चादरींना हाताने दुमड घालते आणि मनातल्या मनात प्रार्थना करते. मशीन नेता येत नाही, आवाज होतो. पंखा चालतो, मशीन चालत नाही. असे आपले नियम.

ह्यांच्या खुर्चीत आता छोट्या बाई बसतात. तुम्हाला आठवतील. बालवाडीत शिकवायच्या, मग समुपदेशनाचा अभ्यास केला, ह्यांच्या हाताखाली शिकल्या. ह्यांनी "ऐकायची खोली" म्हणायचा हट्ट धरला होता, ती पाटी त्यांनी अजून काढू दिली नाही. हे गेल्यावर मंडळीने विचारलं, बसाल का? पोरगी हो म्हणाली. कोणीतरी नको म्हणायला हवं होतं. निदान थोडं थांब, असं तरी.

आता कामाचं लिहिते. तिचं बरं दिसत नाही.

माणसं गेली की ती कप धुते. धुतलेला कप पुन्हा धुते. उपासनेत उभी राहते पण गाताना तोंड मिटलेलं. परवा एका दफनाच्या वेळी ती हसली. मोठ्याने नाही, पण हसली, आणि तिचं तिलाच कळलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. मी विचारते, कशी आहेस? "मजेत, काकू." हेही असंच म्हणायचे. मजेत.

तुमच्यावर एक काम होतं. सगळ्यांचं ऐकणारे हे, आणि ह्यांचं ऐकणारे तुम्ही. शनिवारी हे तुमच्याकडे यायचे. परत आले की मी विचारायची, काय बोललात आज पाळकसाहेबांशी? "वजीर गेला," एवढंच सांगायचे. तुम्ही दोघं बुद्धिबळ खेळत होतात हे मला माहीत होतं. त्यावर आज काही म्हणत नाही.

एकदा या. तिला उपदेश करायला नको, तो इथे भरपूर मिळतो. तिचं ऐकायला या. तुमच्यानंतर आलेले पाळक चांगले आहेत, पण चार गावं सांभाळतात, आमच्याकडे येतात ते हातात टोपी धरूनच.

तुमची,
चादरीवाली काकू


२४ जानेवारी

पाळकसाहेब,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा येतं असं धरून चालते.

मंगळवारी आधारगटाची, म्हणजे त्या खुर्चीत पाळीने बसणाऱ्या आम्हा सगळ्यांची, बैठक झाली. छोट्या बाईंना कसा आधार द्यायचा हा विषय मीच घालायला लावला होता. तुम्ही असता तर हसला असता, किंवा कदाचित नसता.

खजिनदार म्हणाले, "बहिणीला आत्मिक बळाची गरज आहे. आपण प्रार्थनेचे तास वाढवू."

मी म्हटलं, "तास वाढले तर माणसं वाढतील. तिला झोपेची गरज आहे."

"झोपही प्रभूच देतो, काकू."

"देतो. पण आधी आपल्याला दिवा मालवावा लागतो."

गायकदादा फिसकन हसले आणि मग खोकल्यात ते लपवलं. त्यांना माझी बाजू उघड घेता येत नाही, आधीचं पाप अंगावर आहे ना. शेवटी ठरलं काय, तर शनिवारीही एक तास खोली उघडी ठेवायची, आणि त्या तासालाही आधाराच्या खुर्चीत कोणीतरी बसायचं. म्हणजे ओझं झालंय म्हणून आणखी एक गोणी. छोट्या बाई तिथेच बसल्या होत्या. त्यांना विचारलं, चालेल ना? म्हणाल्या, "चालेल." दुसरं काय म्हणणार? दहा माणसं तुमच्यासाठी डोळे मिटून बसली असताना नाही म्हणता येतं का?

मी प्रार्थनेच्या विरुद्ध नाही हे तुम्हाला सांगायला नको. शाळा मला चौथीपर्यंतच. वाचायची गोडी लागली ती पवित्र शास्त्रामुळे, आणि मग ह्यांची पुस्तकं, हे झोपले की मी घ्यायची. त्या झाडाखाली निजलेल्या संदेष्ट्याची गोष्ट मी कितीदा वाचली असेल. पुरे झालं, आता मला ने, असं तो देवाला म्हणाला. देवदूत आला. त्याने काय केलं? भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. तास वाढवले नाहीत.

गायकदादांवरून पंख्याची गोष्ट आठवली. नवीन माणसं मला विचारतात, काकू, थंडीत शाल पांघरून पंखा लावून का बसता? मी सांगते. आधी आपण सगळे एकत्र बसून मोठ्याने प्रार्थना करायचो. आणि एके दिवशी गायकदादांनी आपल्या त्या पहाडी आवाजात प्रार्थना केली, "प्रभो, जिच्या नवऱ्याने तिचा हात दारात चेमटला त्या बहिणीला सांभाळ." नाव घेतलं नाही बिचाऱ्यांनी. पण हाताला पट्टी बांधलेली बाई साऱ्या मंडळीत एकच होती. तिचा नवरा तिसऱ्या बाकावर बसला होता. गायकदादांनी खोलीतलं काही मुद्दाम ऐकलं नव्हतं. फळीतून आलं, कानात राहिलं आणि प्रार्थनेतून बाहेर पडलं. ती बाई पुन्हा कधी आली नाही.

त्यानंतर तुम्ही नियम केलात. आधाराला एका वेळी एकानेच बसायचं, मनातल्या मनात प्रार्थना करायची. कोण आलंय ते पाहायचं नाही, येणारा मागच्या दाराने येईल. पंखा चालू ठेवायचा म्हणजे शब्द कळणार नाहीत. आवाज चढला, कोणी रडू लागलं, की पंखा वाढवायचा. आणि तास संपला की आतून फळीवर दोनदा टकटक होईल, मग आमेन म्हणून उठायचं. नियम चांगला होता. मी स्वतः त्याला हात वर केला होता. आजही तो वाईट होता असं म्हणवत नाही.

थंडी फार आहे. गोठलेल्या बोटांनी टाका सरळ येत नाही. या.


६ फेब्रुवारी

पाळकसाहेब,

तुमचं कार्ड मिळालं. "मी आता पाळक नाही. कृपया लिहू नये."

कृपया हा शब्द तुम्ही माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरलात.

माझा नवरा गेला म्हणून मी त्याची बायको नाही असं होत नाही. अजून मी दारातल्या चपला सरळ करून ठेवते, एकच जोड असतो तरी. तसंच तुमचं. तुम्ही काय सोडलंत ते मला माहीत नाही, पण मी तुम्हाला पाळकसाहेबच लिहिणार. राग आला तर पाकीट न फोडता चुलीत घाला.

इथे सगळे म्हणतात, तुमची प्रकृती बिघडली म्हणून गेलात. मीही तसंच म्हणते. कालव्यावर ह्यांचा पाय घसरला असंही सगळे म्हणतात आणि तेही मी तसंच म्हणते. विचारणाऱ्याला हवं ते उत्तर दिलं की तो लवकर घरी जातो.

पण तुम्हाला मी आता खरं लिहिणार आहे. पहिल्या दोन पत्रांत लिहिलं नाही, कारण तुम्ही आधी यावं असं वाटत होतं. आमिष लावून बोलावत होते म्हणा.

ह्यांना पुरलं त्या दिवशी तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "वहिनी, तो शेवटपर्यंत सेवेत होता. शेवटच्या तासाला आत कोणीतरी फार रडत होतं. केवढं ओझं घेतलं त्याने त्या दिवशी." तुम्हाला ठाऊक होतं, कारण त्या शुक्रवारी मला चादरी पोचवायच्या होत्या म्हणून आधाराच्या खुर्चीत तुम्ही बसला होतात. ते शब्द मी गाठीशी बांधले. महिनाभर मी त्यांच्यावर जगले. कोणाचं तरी भलं करून गेले, असं वाटायचं.

मग एक दिवस हॉस्पिटलात चादरी मोजून देताना एक परिचारिका माझ्याजवळ आली. दार लावलं. म्हणाली, "काकू, शुक्रवारचा तो तास माझा असायचा. त्या दिवशी मी आलेच नाही. पोराला ताप होता, निरोप पाठवायला कोणी नव्हतं. मी आले असते तर?" आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, "तुझं पोर आता बरं आहे ना?" ती हो म्हणाली. "मग झालं तर." याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

जाता जाता म्हणाली, "मी पाळकसाहेबांनाही सांगितलं, परवाच."

त्याच आठवड्यात तुम्ही राजीनामा दिलात.

म्हणजे मला माहीत आहे, पाळकसाहेब. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीपासून माहीत आहे. त्या तासाला आत दुसरं कोणी नव्हतं. हे एकटेच होते. हे रडत होते, फळीच्या या बाजूला तुम्ही होतात, आणि तुम्ही नियमाप्रमाणे पंखा वाढवलात. मग त्यांनी फळीवर दोनदा टकटक केलं, रोजच्यासारखं. तुम्ही आमेन म्हणालात, पंखा बंद केलात, कुलूप लावलंत आणि घरी गेलात. हे मागच्या दाराने कालव्याकडे गेले. चष्मा आणि घड्याळ आत टेबलावर होतं. चष्मा घडी घालून ठेवलेला. पाय घसरणारा माणूस चष्मा घडी घालून जात नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. थोडंसं टोचायला लिहितेही, खोटं कशाला बोलू. पण मुख्य कारण वेगळं आहे. ही चूक काय आहे ते या जगात दोघांनाच ठाऊक आहे, तुम्हाला आणि मला. आणि त्याच खोलीत, त्याच फळीआड आता एक पोरगी बसते. मी नुसती चादरीवाली. मी बोलले तर बैठकीत दिव्याचा विनोद होतो. तुम्ही बोललात तर ऐकतील.

छोट्या बाईंनी शनिवारचा तास सुरू केला. काल मला म्हणाली, "काकू, तुम्ही बाहेर असता तेव्हा मला पंख्याचा आवाज येतो. बरं वाटतं. कोणीतरी आहे असं वाटतं." मग म्हणाली, "पण तुम्हाला माझा आवाज येत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही गं. मुळीच नाही."

ती म्हणाली, "छान."


१५ फेब्रुवारी

पाळकसाहेब,

हे पत्र तुम्ही वाचाल की नाही ते ठाऊक नाही, पण झालं ते कोणालातरी सांगायला हवं.

काल शनिवार. खजिनदारांची पाळी होती, त्यांच्या गुडघ्याने संप पुकारला म्हणून मी गेले. कुलूप काढलं, पंखा एकवर लावला, चादर मांडीवर घेतली. आत छोट्या बाई आधीच आल्या होत्या, खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मागचं दार वाजलं का, कोणी आलं का, ते मी नियमाप्रमाणे कान देऊन ऐकलं नाही.

बराच वेळ काही नाही. मग रडणं सुरू झालं.

माझा हात आपोआप पंख्याच्या बटणावर गेला. इतक्या वर्षांची सवय. रडणं आलं की हात तिकडे जातो, दूध उतू जाताना चुलीकडे जातो तसा. बोट बटणावर होतं आणि मला तुम्ही दिसलात. तुमचं बोट दिसलं.

पाळकसाहेब, मला फार भीती वाटली. आत कोणी असेल तर? कोणी बाई आपलं सगळं उघडं करून बसली असेल आणि मी ऐकलं, तर तिचाही विश्वास गेला आणि छोट्या बाईंचाही. पुन्हा तिसऱ्या बाकावरचा नवरा. पोरीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि दोष माझा. पंखा वाढवला तर मात्र मला कोणी कधी काही म्हणणार नव्हतं. तुम्हाला तरी कोण काय म्हणालं?

मी पंखा बंद केला.

खोली एवढी शांत झाली की मला माझा श्वास मोठा वाटला. शब्द आलेच नाहीत. एकच आवाज, एकच माणूस. रडणारं थांबलं तरी कोणी "हं" म्हटलं नाही, कोणी पाणी दिलं नाही. समोर कोणी रडतंय आणि छोट्या बाई "हं" म्हणत नाहीत, असं व्हायचं नाही. तेव्हा मला कळलं.

मी फळीवर बाहेरून टकटक केलं. या बाजूने कधी कोणी करत नाही. आतलं रडणं कापल्यासारखं थांबलं.

"कोण?"

"मी गं. काकू."

"तास संपला नाहीये अजून." आवाज अगदी नीट, शाळेतल्या बाईंसारखा. "पंखा लावा ना काकू."

"पंखा बिघडलाय," मी म्हटलं. आयुष्यात देवाच्या घरात खोटं बोलले ते हे एक.

फळीवर आतून दोनदा टकटक झालं.

तुम्ही हे वाचताय ना? दोनदा.

चादर पायात अडकली, तशीच ओढत मी बाहेर पडले, चर्चला वळसा घालून गल्लीत शिरले. माझे गुडघेही काही खजिनदारांपेक्षा तरुण नाहीत. मागच्या दाराशी पोचले तर दार उघडत होतं. ती उंबऱ्यात उभी. अंगात कोट नाही, एवढ्या थंडीत. तिच्या मागे टेबलावर घड्याळ काढून ठेवलेलं मला दिसलं.

"कुठे निघालीस?"

"जरा फिरून येते."

"कोट?"

"नको. लगेच येते."

"आत कोणी आहे?"

"कोणी नाही."

"कोणी आलं होतं?"

"आज कोणीच आलं नाही, काकू." आणि पुन्हा ती हसली, दफनाच्या वेळी हसली होती तशी. "कोणी आलं नाही म्हणून मला इतकं बरं वाटलं, आणि इतकं बरं वाटलं म्हणून मग रडू यायला लागलं. मी कसली माणूस आहे?"

मी दारातच उभी राहिले. तिला वाट दिली नाही. म्हटलं, "मी दमलेय. मला बसू दे जरा."

तेव्हा ती मागे सरली. दमलेल्याला खुर्ची द्यायची, हे तिच्या हाडात मुरलंय. मी येणाऱ्यांच्या खुर्चीत बसायला गेले, मग वाटलं नको, आणि ह्यांच्या खुर्चीत बसले. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. तिला येणाऱ्यांच्या खुर्चीत बसावं लागलं. बसली.

"प्रार्थना करू नका हं," ती म्हणाली.

"नाही करत. माझा दोरा गुंतलाय, तो सोडवते."

मी खरंच दोरा सोडवत बसले. बऱ्याच वेळाने ती बोलू लागली. म्हणाली, "मला कोणाचंच काही वाटेनासं झालंय. माणसं समोर रडतात आणि मी मनात त्यांच्यामागच्या भिंतीवरच्या भेगा जोडत असते. आणि तुम्ही सगळे माझ्यासाठी प्रार्थना करता. मी ज्या प्रभूचं नाव घेते तो मला भिंतीपलीकडे वाटतो, पंखा लावून बसलेला."

शास्त्रातलं एखादं वचन सुचलं नाही असं नाही. दाताखाली धरून ठेवलं.

मग तिने विचारलं, "सरांना असं व्हायचं का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "त्यांनी सांगितलं नाही. आणि आम्ही विचारलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. तिलाही तोपर्यंत चष्म्याचं कळलं असावं, किंवा आधीपासून कळत असावं. खाली मान घालून म्हणाली, "मी कालव्याकडेच चालले होते. नक्की माहीत नाही. पण पाय तिकडे चालले होते."

"ते घड्याळ घाल हातात," मी म्हटलं. "आणि चल घरी. भाकरी आहे, दूध आहे."

तिने घड्याळ घातलं. कोट मी घातला तिच्या अंगात, लहान मुलाला घालतात तसा, एकेक हात धरून. घरी आणलं. खाल्लं थोडं. आता माझ्या पलंगावर झोपली आहे, कालपासून. मध्ये हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, औषध दिलं. तिच्या भावाला तार केली आहे. मी पलंगाच्या कडेला बसून हे लिहिते आहे आणि पंखा कुठेही लावलेला नाही.


५ मार्च

पाळकसाहेब,

तुमचं पत्र आलं. कार्ड नव्हे, पत्र.

ते वाचून मी पालथं ठेवलं आणि काही दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यावर चादरी ठेवल्या. मग चादरी पोचवायच्या होत्या म्हणून उचलाव्या लागल्या आणि ते पुन्हा दिसलं.

तुम्ही लिहिता, "रडणारा आवाज त्याचाच होता हे मला तेव्हाच कळलं होतं. वाटलं, समोरच्याबरोबर तोही रडत असेल. वाटलं, मित्राचं रडणं मित्राने ऐकू नये, त्याला लाज वाटेल. म्हणून पंखा तीनवर केला."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, माझ्याकडे सगळं आहे. हे नव्हतं.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर हात लिहील, मी नाही. एक दिवस होईल कदाचित, मी देवाकडे मागते आहे. सध्या एवढंच सांगते की मी तिथे असते तर मीही पंखा तीनवर केला असता. त्याच कारणासाठी. बायकोने नवऱ्याचं रडणं ऐकू नये म्हणून. आपण एकमेकांना एवढा मान दिला, पाळकसाहेब, की माणूस त्यातून निसटून गेला.

इकडचं सांगते. छोट्या बाईंना भाऊ घेऊन गेला. निघताना तिने माझ्या गळ्यात हात टाकले. परवा पत्र आलं, दोन ओळी, की झोप लागते आहे आणि भावाच्या मुलीला अक्षरं शिकवते आहे. परत येईल की नाही ते लिहिलेलं नाही. मी विचारणारही नाही. जिवंत आहे.

ऐकायची खोली बंद आहे. आधारगटाची बैठक झाली. खजिनदार म्हणाले, "काकू, तुम्ही नियम मोडलात." मी म्हटलं, "हो." ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले, मी दिलंच नाही. मग ते स्वतःच रडायला लागले, गुडघा धरून. गायकदादांनी त्यांना पाणी दिलं. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदाच कोणासाठी प्रार्थना न करता उठलो, आणि कोणाला लवकर घरी जायचं नव्हतं.

पण मागच्या दाराशी माणसं येतात. परवा एक जण आला, दार ठोठावत राहिला. मी बाहेर येऊन खोली बंद आहे म्हणून सांगितलं. "कधी उघडणार?" मी म्हटलं, माहीत नाही. तो बरं म्हणून गेला, कालव्याच्या बाजूने गेला, आणि तो वळेपर्यंत मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. तो डावीकडे वळला, बाजाराकडे. हे असं आता माझं चालू आहे. प्रत्येक पाठीकडे बघत राहते.

तुम्ही लिहिता, तुम्हाला प्रार्थना येत नाही. तोंड उघडलं की पंख्याचा आवाज येतो. तुमच्या पत्रातलं हे एकच वाक्य मी पुन्हा वाचलं. तुम्ही ह्यांचं ऐकायचात, पण तुमचं कोण ऐकायचं, हे आम्ही कोणीच कधी विचारलं नाही. आपल्याकडे एवढ्या खुर्च्या, पण ती एक कोणी मांडलीच नाही.

म्हणून मी मांडली आहे. मंगळवारी दुपारी मी खोली उघडते आणि बसते. बाहेरच्या खोलीत नाही, आत. चादरी घेऊन. कोणी येत नाही, कोणाला सांगितलेलंही नाही. तो तास तुमचा आहे. तुम्ही आला नाहीत तरी तुमचाच आहे, आणखी कोणाला देणार नाही. पंखा मी गायकदादांना देऊन टाकला, त्यांच्या गोठ्यात माशा फार.

बुद्धिबळ आणू नका. आणि मागच्या दाराने येऊ नका, तुम्ही काही लपून यायचे पाहुणे नाहीत. पुढच्या दाराने या, माझ्या चपला दिसतील.

दार वाजवाल तेव्हा एकदाच वाजवा. दोनदा वाजलं की मला वाटतं, संपलं.